सापडले नाही, हेही उत्तरच: अनेक शीट्सवरच्या शोधसूत्रांचा आढावा

तालुक्यातल्या एखाद्या दूध संस्थेचे दहा दिवसांचे बिल एक्सेलमध्ये कसे तयार होते हे पाहिले, की या लेखाचा प्रश्न समोर उभा राहतो. एका शीटवर संकलन असते: सभासदाचा कोड, तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ. दुसऱ्या शीटवर दरपत्रक. तिसऱ्यावर पशुखाद्याची उधारी, चौथ्यावर उचल. संस्थेची दोन-तीन संकलन केंद्रे असली तर प्रत्येक केंद्राची शीट निराळी. बिलाच्या शीटवर कोड टाकला की नाव, दर, कपात आणि निव्वळ रक्कम आपोआप यावी म्हणून व्हीलुकअपचे सूत्र लिहिलेले असते. बहुतेक ओळी बरोबर येतात. चार-पाच ओळींत #एन/ए दिसते आणि तेवढ्यामुळे खालची एकूण बेरीजही #एन/ए होऊन बसते.

बिल वाटायचा दिवस तोंडावर आलेला असतो. कुणीतरी सांगते, ‘इफएरर लाव आणि शून्य टाक.’ खुणा जातात, बेरीज येते, बिले छापली जातात. ज्याची उधारी सापडली नव्हती त्याची कपात शून्य होते आणि संस्थेचे पैसे अडकतात. ज्याच्या फॅटचा दर सापडला नव्हता त्याच्या दुधाला शून्य रुपये लागतात. दोन्ही ओळी कागदावर बाकीच्या ओळींइतक्याच नीटनेटक्या दिसतात.

शाळेची शिष्यवृत्तीची यादी, व्यापाऱ्याची जीएसटी जुळवणी, गृहनिर्माण सोसायटीची देखभाल वर्गणी, महाविद्यालयाचा निकाल; जिथे एका शीटवरचा क्रमांक दुसऱ्या शीटवर शोधायचा असतो, तिथे हीच अडचण येते. गेल्या चाळीसहून अधिक वर्षांत तिच्यावर बरीच साधने निघाली. त्यांचा आढावा घेताना एक गोष्ट शेवटपर्यंत धरून ठेवायला हवी. ‘सापडले नाही’ हे शोधाचे रास्त उत्तर आहे. जे सूत्र ते पुसून टाकते ते हिशेब बिघडवते. जे सूत्र ते ओळखते, वेगळे दाखवते आणि मोजते, ते हिशेब खरा ठेवते.

साधनांची वाटचाल

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिसिकॅल्क १९७९ मध्ये आले. त्यात लुकअप होते आणि ‘उपलब्ध नाही’ व ‘चूक’ ही दोन मूल्येही होती. म्हणजे जे मिळाले नाही ते मिळाले नाही असेच नोंदवण्याची सोय स्प्रेडशीटला जन्मापासून आहे. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये उभ्या शोधाचे व्हीलुकअप आणि आडव्या शोधाचे एचलुकअप ही नावे रूढ झाली. एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले. १९९३ च्या एक्सेल ५ ने एका फाइलीत अनेक शीट्स ठेवण्याची सोय केली. तिथून ‘या यादीत शोध’ या साध्या कामाचे ‘या यादीत शोध, नसेल तर त्या यादीत, तिथेही नसेल तर तिसऱ्या यादीत’ असे झाले.

त्या काळात न सापडलेल्या मूल्याची दखल घ्यायची तर इफ, इझएनए आणि व्हीलुकअप यांची साखळी लिहावी लागे. आधी शोधून पाहायचे, खूण आली का तपासायचे, नसेल आली तर तोच शोध पुन्हा करायचा. सूत्र दुप्पट लांब आणि काम दुप्पट. त्यात एकात एक सूत्रे घालण्याची मर्यादा सात पातळ्यांची होती.

एक्सेल २००७ ने दोन गोष्टी एकाच वेळी दिल्या. इफएरर आले आणि पातळ्यांची मर्यादा सातवरून ६४ झाली. सूत्रे लिहिणे सोपे झाले, आणि चूक लपवणेही. कुठलीही खूण आली तरी हे दाखव, एवढेच इफएररला कळते. फक्त ‘सापडले नाही’ या एका खुणेपुरते काम करणारे इफएनए एक्सेल २०१३ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी आले. तोवर इफएररची सवय हातात बसली होती आणि ती अजून सुटलेली नाही. एक्सलुकअपची घोषणा २०१९ मध्ये झाली, गूगल शीट्समध्ये ते २०२२ मध्ये आले आणि लिब्रेऑफिसच्या २४.८ या आवृत्तीत २०२४ मध्ये.

प्रत्येक खूण वेगळे सांगते

#एन/ए म्हणजे शोध नीट झाला, पण हवे ते यादीत नाही. #रेफ! म्हणजे ज्या जागेकडे सूत्र बोट दाखवते ती जागाच उरलेली नाही. कॉलम पुसला गेला किंवा शीट काढून टाकली. #नेम? म्हणजे सूत्रातले नाव या प्रोग्रामला ठाऊक नाही. #व्हॅल्यू! म्हणजे चुकीच्या प्रकारचे मूल्य दिले गेले. व्हीलुकअपला २५५ अक्षरांहून लांब मजकूर शोधायला दिला तरी हीच खूण येते. #डिव्ह/०! म्हणजे शून्याने भागाकार.

यातली पहिली खूण माहितीबद्दल आहे, बाकीच्या बहुतेक सूत्राच्या बिघाडाबद्दल. सभासद नवा आहे, त्याने उचल घेतलेलीच नाही, म्हणून उचलीच्या यादीत त्याचा कोड नाही. ही रोजची, अपेक्षित गोष्ट आहे आणि तिथे शून्य लिहिणे बरोबरच आहे. पण उचलीच्या शीटचा कॉलम कुणी पुसला म्हणून उत्तर येत नसेल, तर तिथे शून्य लिहिणे म्हणजे बिघाडावर पांघरूण घालणे. इफएरर या दोन्ही गोष्टींना एकच वागणूक देते.

तिसरी एक अवस्था आहे, तिला खूणच नसते. कोड सापडला, पण त्याच्यासमोरचा सेल रिकामा आहे. व्हीलुकअप आणि एक्सलुकअप दोन्ही तिथे ० आणून ठेवतात. ‘उचल नाही’, ‘उचल भरायची राहिली’ आणि ‘उचल शून्य’ या तीन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात मिसळतात. परीक्षेच्या निकालात तर गैरहजर विद्यार्थी आणि शून्य गुण मिळालेला विद्यार्थी यांच्यातला फरकच पुसला जातो. म्हणून आणलेले मूल्य रिकामे आहे का, हे वेगळे तपासावे लागते.

समोर दिसते, तरी सापडत नाही

#एन/ए आले की पहिला संशय सूत्रावर घेतला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष ज्यावर शोधायचे त्या कोडात असतो.

सगळ्यांत नेहमीचे कारण म्हणजे एका शीटवर कोड अंक म्हणून आणि दुसरीवर मजकूर म्हणून बसलेला असतो. डोळ्यांना दोन्हीकडे २१४ दिसते, सूत्राला ती दोन वेगळी मूल्ये वाटतात. दुसऱ्या संगणकप्रणालीतून उतरवलेल्या याद्यांत हे हमखास होते. उलट दिशेने सुरुवातीचे शून्य गळते. जीएसटीच्या एचएसएन यादीत डाळी-कडधान्यांचे शीर्षक ०७१३ आहे. सेल अंकाचा असला की ते ७१३ होऊन बसते आणि मूळ यादीत ७१३ कुठेच नसते.

एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपते. सोळा अंकी बँक खाते क्रमांक अंक म्हणून भरला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि नंतर सेलचा प्रकार बदलून तो परत मिळत नाही. खाते क्रमांक मजकूर म्हणून भरले तरी काउंटइफने दुबार नोंदी शोधू नयेत. ते अशा मजकुराला अंक मानून तुलना करते आणि पहिले १५ अंक सारखे असलेली दोन खाती एकच धरते.

नंतर येतात मोकळ्या जागा. शब्दाच्या शेवटी पडलेली साधी जागा ट्रिम काढते. वेबपानावरून उचललेल्या मजकुरात मात्र वेगळी, न तुटणारी जागा असते. तिचा क्रमांक १६०, आणि ट्रिम तिला हात लावत नाही. सबस्टिट्यूट वापरून ती आधी साध्या जागेत बदलावी लागते.

मराठी नावांवर शोध घेणाऱ्यांची अडचण आणखी खोल आहे. ‘कऱ्हाड’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण लेन सूत्राने लांबी मोजली तर पहिल्याची ६ आणि दुसऱ्याची ७ येते. ‘ॲड.’ या उपाधीतल्या ॲचेही तसेच. तो एका चिन्हाने लिहिता येतो आणि अ वर चंद्र चढवूनही. अशा जोड्यांत शोध फसू शकतो आणि नुसते बघून कारण कळत नाही. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या याद्यांत तर आत देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. ती यादी युनिकोड यादीशी जुळणारच नाही. म्हणून मराठी माहितीत शोध नावावर घेऊ नये, कोडावर घ्यावा. नाव हे आणायचे मूल्य असावे.

दरपत्रकात आणखी एक खाच असते. फॅटचा कॉलम ३.० पासून प्रत्येक पायरीला ०.१ मिळवत सूत्राने भरला, तर दशांशांच्या द्विमान साठवणीत अतिसूक्ष्म फरक साचत जातात. सेलमध्ये ३.८ दिसते, आत त्याहून किंचित वेगळी संख्या असते. तंतोतंत शोध मग फसतो. दोन्ही बाजूंना राउंड लावून एका दशांशापर्यंत आणले की प्रश्न मिटतो.

एक्सेल स्वतःहून मजकुराची तारीख करते, त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण जनुकशास्त्रातले आहे. सेप्ट२ आणि मार्च१ अशी संक्षिप्त नावे असलेली जनुके एक्सेलमध्ये तारखा होऊन बसत. झीमन, एरेन आणि एल-ओस्टा यांनी २०१६ मध्ये तपासले, तेव्हा एक्सेलमधली जनुकयादी जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत असा बिघाड आढळला. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने ती नावेच बदलली. आपल्याकडे ‘१/४’ असा बिल क्रमांक टाकला की १ एप्रिल होते, त्यामागचे कारण हेच. याद्या भरण्याआधी कोडाचा कॉलम मजकूर म्हणून ठरवून घेणे हाच त्यावरचा उपाय.

साखळी कुठे दगा देते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संस्थेची तीन केंद्रे, तीन शीट्स, चौथ्या कॉलमात कपात. सर्वत्र लिहिले जाणारे सूत्र असे असते:

=इफएरर(व्हीलुकअप(ए२,केंद्र१!ए:डी,४,०),इफएरर(व्हीलुकअप(ए२,केंद्र२!ए:डी,४,०),इफएरर(व्हीलुकअप(ए२,केंद्र३!ए:डी,४,०),०)))

पहिल्या दिवशी ते बरोबर चालते. काही महिन्यांनी केंद्र२ च्या शीटवरचा मोबाइल क्रमांकाचा कॉलम कुणीतरी ‘लागत नाही’ म्हणून पुसतो. सूत्रातली ए:डी ही रेंज आपोआप ए:सी होते. सूत्र मात्र अजून चौथा कॉलमच मागते. तीन कॉलमांच्या रेंजमध्ये चौथा नसल्यामुळे केंद्र२ चा शोध प्रत्येक सभासदासाठी #रेफ! देऊ लागतो. इफएरर त्याचा अर्थ ‘इथे नाही, पुढे बघ’ असा घेते. केंद्र३ मध्ये तो कोड नसतो, म्हणून तिथे #एन/ए, आणि शेवटी शून्य. अख्ख्या केंद्राची कपात शून्य होते आणि फाइलीत एकही खूण दिसत नाही.

याहून वाईट प्रकार तेव्हा होतो जेव्हा प्रत्येक केंद्र आपापले कोड १ पासून देते. केंद्र२ चा शोध बिघडला की केंद्र१ मध्ये नसलेला २१४ हा कोड केंद्र३ मध्ये सापडतो आणि तिथल्या भलत्याच सभासदाची उधारी या सभासदाच्या दुधातून कापली जाते. त्याच सूत्रात इफएररच्या जागी तिन्ही ठिकाणी इफएनए असते, तर पहिल्याच दिवशी केंद्र२ च्या सगळ्या ओळींत #रेफ! झळकले असते आणि दहा मिनिटांत कारण सापडले असते.

इफएनएची साखळीही पूर्ण निर्दोष नाही. कोड सापडला, पण त्याच्यासमोरच्या सेलमध्येच आधीच्या एखाद्या सूत्राचे #एन/ए बसले असेल, तर साखळी ‘कोड सापडला नाही’ असे समजून पुढच्या शीटकडे जाते. यावरचा पक्का मार्ग म्हणजे शोधणे आणि आणणे ही दोन कामे वेगळी करणे. प्रत्येक केंद्रासाठी एक मदतीचा कॉलम घ्यावा, त्यात मॅच वापरून कोड कितव्या ओळीवर आहे एवढेच काढावे. पुढच्या कॉलमात कोड किती शीट्सवर सापडला ते मोजावे. शून्य आले तर नोंद नाही. एक आले तर ठीक. दोन किंवा अधिक आले तर कोड दुबार आहे आणि माणसाने बघायला हवे. त्यानंतर इंडेक्सने मूल्य आणावे. सूत्रे वाढतात, पण प्रत्येक सूत्र एका नजरेत वाचता येते. नेस्टेड साखळी दुबार कोडाची गोष्ट कधीच सांगत नाही. पहिली शीट जिंकते आणि विषय संपतो.

नवे मार्ग आणि त्यांच्या मर्यादा

एक्सलुकअपने जुन्या तीन अडचणी दूर केल्या. शोध आपणहून तंतोतंत असतो, डावीकडचे मूल्यही आणता येते आणि न सापडल्यास काय दाखवायचे ते सूत्रातच लिहिता येते. ही शेवटची सोय फक्त न सापडण्यापुरतीच चालते. #रेफ! किंवा #व्हॅल्यू! आली तर ती खूण तशीच दिसते, आणि तेच हवे असते. तीन शीट्सची साखळी एक्सलुकअपमध्ये एक्सलुकअप घालून लिहिता येते आणि ती बरीच वाचनीय असते.

पण एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये एक्सलुकअप नाही. नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुन्या संगणकावर उघडून हिशेब पुन्हा झाला की #नेम? येते. बाहेरून कुणी इफएरर लावून शून्य टाकले असेल, तर संपूर्ण कॉलम शून्य होतो. फाइल ज्या सर्वांत जुन्या संगणकावर उघडणार आहे, त्याला जमेल तेच सूत्र वापरावे.

शीटचे नाव सेलमधून उचलून सूत्र बनवण्यासाठी बरेच जण इनडायरेक्ट वापरतात. बारा महिन्यांच्या बारा शीट्स असल्या की ते मोहात पाडते. मात्र त्याला शीटचे नाव नुसता मजकूर म्हणून ठाऊक असते. कुणी ‘एप्रिल’चे ‘एप्रिल २५’ केले की ते #रेफ! देते, साधे सूत्र मात्र नाव बदलले तरी स्वतःला सुधारून घेते. दुसरी फाइल बंद असली तरी इनडायरेक्ट चालत नाही. शिवाय फाइलीत कुठेही बदल झाला की ते पुन्हा मोजले जाते; मोठ्या फाइली त्यामुळे जड होतात. बारा शीट्सवर एकाच सेलची बेरीज एका रेंजने करता येते, तशी सोय व्हीलुकअपला नाही, म्हणून लोक या मार्गाकडे वळतात.

नव्या एक्सेलमधले व्हीस्टॅक त्यावर चांगले उत्तर देते. अनेक शीट्सवरच्या याद्या ते एकाखाली एक रचते, मग एकच शोध पुरतो. लेट वापरून त्या रचलेल्या यादीला नाव देता येते आणि सूत्र वाक्यासारखे वाचता येते. गूगल शीट्समध्ये महिरपी कंसांत याद्या एकाखाली एक लिहून हे पूर्वीपासून जमते. दुसऱ्या फाइलीतून माहिती आणणारे इंपोर्टरेंज मात्र जपून वापरावे. पहिल्यांदा ते परवानगी मिळेपर्यंत #रेफ! दाखवते आणि परवानगी मागणारे बटण त्या सेलवरच येते. बाहेर इफएरर असेल तर ते बटणही झाकले जाते आणि फाइल कायम रिकामी राहते.

या सगळ्यांहून भक्कम मार्ग पॉवर क्वेरीचा. एक्सेल २०१६ पासून तो आतच आहे. सगळ्या केंद्रांच्या याद्या एका यादीत जोडायच्या, प्रत्येक ओळीला केंद्राचे नाव लावायचे आणि मग बिलाशी जुळवायचे. जुळवणीच्या प्रकारांत एक प्रकार असा आहे की तो डाव्या यादीतल्या, पण उजव्या यादीत नसलेल्या ओळीच फक्त देतो. न सापडलेल्यांची तयार यादी. दोन दक्षता मात्र हव्यात. उजव्या यादीत कोड दुबार असला की जुळवणीत ओळी वाढतात. आणि माहिती बदलल्यावर रिफ्रेश करावे लागते. ते विसरले तर मागच्या आठवड्याचे आकडे आजचे म्हणून छापले जातात.

याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. केंद्रागणिक, महिन्यागणिक वेगळी शीट करणे हे पाहायला सोयीचे असते, शोधायला गैरसोयीचे. एकच लांब यादी आणि त्यात ‘केंद्र’ नावाचा कॉलम असा साठा ठेवला, तर साखळीची गरजच पडत नाही. वेगवेगळे तक्ते त्याच यादीतून गाळून काढता येतात.

खूण न देणाऱ्या चुका

#एन/ए निदान स्वतःहून समोर येते. सगळ्यांत महाग पडतात त्या खूण न दाखवणाऱ्या चुका.

व्हीलुकअपचा चौथा घटक न लिहिल्यास ते अंदाजे शोध घेते आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे गृहीत धरते. वीजबिलाच्या ० ते १००, १०१ ते ३०० अशा टप्प्यांसाठी हा शोध अगदी योग्य आहे. सभासदांच्या क्रमाने न लावलेल्या यादीवर तो भलत्याचे मूल्य बिनदिक्कत आणतो.

मध्ये कॉलम घातला की रेंज वाढते, पण सूत्रात हाताने लिहिलेला ४ तसाच राहतो. आता चौथा कॉलम वेगळाच आहे. इंडेक्स-मॅच किंवा एक्सलुकअप वापरले की हा धोका जातो. रेंजला डॉलरचे चिन्ह लावले नाही तर सूत्र खाली ओढताना रेंजही खाली सरकते आणि यादीच्या वरच्या ओळी एकेक करून शोधाबाहेर जातात. तंतोतंत शोधातही व्हीलुकअप चांदणीचा अर्थ ‘मध्ये काहीही’ असा लावते. छापखान्याच्या यादीत ‘१०*१२’ असे माप शोधले, तर आधी आलेले ‘१०*१५*१२’ सापडू शकते. एक्सलुकअप सांगितल्याशिवाय असे करत नाही.

अशा शांत चुका किती दूर जातात याची दोन उदाहरणे सार्वजनिक आहेत. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा कर्ज आणि वाढीवरचा २०१० चा निबंध जगभरच्या अर्थमंत्र्यांच्या चर्चेत होता. २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन, मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन यांनी दाखवून दिले की एका सरासरीची रेंज आखूड पडल्यामुळे पाच देश हिशेबातून सुटले होते. तो निबंधातला एकच दोष नव्हता, पण पाच देश गेले तरी सेलने कसलीही तक्रार केली नव्हती. दुसरे उदाहरण इंग्लंडमधले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजले गेले नाहीत, कारण जुन्या एक्सेल फाइलीच्या ६५,५३६ ओळींच्या मर्यादेपुढची माहिती गळून पडली होती. त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध त्यामुळे उशिरा सुरू झाला.

या दोन्ही ठिकाणी शोधसूत्र नव्हते, पण धडा तोच आहे. जे बाहेर राहिले त्याची मोजणी कुठेच नव्हती. फेलिएन हर्मन्स आणि एमर्सन मर्फी-हिल यांनी एनरॉन कंपनीच्या उघड झालेल्या स्प्रेडशीट्स अभ्यासल्या, तेव्हा सूत्रे असलेल्या फाइलींपैकी सुमारे एक चतुर्थांश फाइलींत किमान एक चुकेची खूण उघडपणे दिसत होती. झाकलेल्या चुका अशा मोजणीत येतच नाहीत.

न सापडलेले तेच काम

काही कामांत तर न सापडलेली यादी हेच फलित असते. व्यापारी दर महिन्याला आपली खरेदी नोंदवही पुरवठादारांच्या विवरणांवरून बनणाऱ्या जीएसटीआर-२बी शी जुळवतो. १ जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये न दिसणाऱ्या बिलाची इनपुट क्रेडिट घेता येत नाही. त्यामुळे जी बिले जुळली ती जुळली. करसल्लागाराचे खरे काम न जुळलेल्या बिलांपासून सुरू होते. पुरवठादाराने विवरण भरलेले नाही, की बिल क्रमांक वेगळ्या पद्धतीने लिहिला आहे, की जीएसटीआयएनमध्ये शून्याच्या जागी ओ पडला आहे? इथे #एन/ए झाकणारा माणूस आपल्या अशिलाचे पैसे झाकतो. दूध संस्थेतही हीच नजर हवी.

या सगळ्या चर्चेतून रोज पाळता येतील अशा काही गोष्टी निघतात. आधी कोड स्वच्छ करावा: प्रकार एक, मोकळ्या जागा नाहीत, दुबार नाहीत. अपेक्षित असलेली खूणच पकडावी, म्हणजे इफएनए किंवा एक्सलुकअपची स्वतःची सोय. इफएरर शेवटचा पर्याय. पकडायची ती एकदाच, अगदी आत, शोधाच्या जागी. बाहेरून अख्ख्या सूत्राला गुंडाळू नये. ‘नाही’ याचा अर्थ खरोखर शून्य असेल तिथेच शून्य लिहावे. बाकी ठिकाणी ‘नोंद नाही’ असे शब्द लिहावेत, आणि बेरीज असे शब्द सोडून देते हे लक्षात ठेवून बेरजेशेजारी ‘न सापडलेले: इतके’ असा मोजणारा सेल ठेवावा. बेरीज तर हवी आणि #एन/ए ही ठेवायचे असेल, तर एक्सेल २०१० पासूनचे ॲग्रिगेट खुणा वगळून बेरीज देते. आलेख काढताना तर #एन/ए मुद्दाम ठेवावे. रेषालेख त्या जागी शून्यावर आपटत नाही.

शेवटी ताळा. तीन केंद्रांच्या मूळ शीट्सवरची कपातीची बेरीज आणि बिलाच्या शीटवरची कपातीची बेरीज यांचा फरक दाखवणारा एक सेल बिलाच्या माथ्यावर हवा. वर सांगितलेल्या कॉलम पुसण्याच्या प्रसंगात हा फरक एका क्षणात केंद्र२ च्या कपातीएवढा दिसला असता. सूत्र कोणतेही असो, हा ताळा शून्य आल्याशिवाय आणि न सापडलेल्या प्रत्येक कोडाचे कारण लिहिल्याशिवाय बिल छापायला जाऊ नये. त्याला लागणारा अर्धा तास ज्याचे दूध आहे त्याचा हक्क आहे.